हिवाळा, शिवणीच्या फळ्या आणि सावंतवाडी

प्रिय मुली,

सावंतवाडीत खोली मिळाली आणि फेब्रुवारी संपेपर्यंत तिथेच राहून लाकडावर लहान चित्रं करायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. लाकूड कुठलं घेऊ, एवढ्याशा जागेत काय मावणार, आणि फिरण्या-खाण्यात दिवस गेले तर काम कधी होणार, असं विचारलं आहेस. शेवटची काळजी सगळ्यात मोठी दिसते. पण आधी लाकडाचं बघू, कारण तिथे घाई केलीस तर पुढची मेहनत वाया जाईल.

चितार आळीतली लाकडी फळं आणि खेळणी परंपरेनं पांगाऱ्याची. ते लाकूड हलकं नि मऊ, रंगवायच्या फळीसाठी नको. सुताराकडे शिवण माग. नीट वाळलेली शिवण फारशी हलत नाही. सहा बाय आठ इंच पुरे, जाडी अर्ध्या इंचाच्या आत. रंधा त्याच्याकडूनच मारून घे. मग सरस आणि खडूच्या पुडीचं पातळ अस्तर, एक थर वाळला की हलका काचपेपर, मग दुसरा. पाठीमागची बाजू आणि चारही कडा विसरू नकोस. कोकणातली हवा हिवाळ्यातही समुद्राची ओल धरून असते. एकच बाजू झाकलीस तर उघडी बाजू ती ओल ओढते आणि फळीला बाक येतो. काही फळ्यांच्या अस्तरात तिथलीच जांभ्याची माती मिसळून बघ, धुऊन आणि फडक्यातून गाळून. त्या तांबूस अंगावर माडाचा हिरवा जसा बसतो तसा पांढऱ्यावर बसत नाही.

आता मावण्याचं. मोती तलावासमोरच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हातानं रंगवतात, तिथे एक अख्खी सकाळ घालव. ही कला मागे पडत चालली होती, तेव्हा शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ती तिथेच पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत १२० गोल पानं असतात, दर अवताराची बारा: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शापर्यंत. राजा-प्रधान सगळेच बघतात. तू मत्स्यावताराची साधी पानं माग. एका पानावर एक मासा, दुसऱ्यावर दोन, असं करत दहापर्यंत, आणि वर्तुळ तेवढंच. सात मासे कसे बसवलेत? मधे जागा कुठे सोडली आहे? कागद घेऊन ती मांडणी स्वतः करून बघ. रचनेचं इतकं नेमकं शिक्षण मला कुठल्या वर्गात देता आलं नाही.

आणि खाणं-फिरणं. ते कामातून चोरलेलं आहे असं मनात आणू नकोस, अगदी मनापासून सांगते. चहा-बिस्किटांवर दिवस काढणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. दुपार कलली की त्यांचे रंग मळत जातात. सकाळी उकड्या तांदळाची पेज पोटभर घे, नाहीतर घावणे नि काळ्या वाटाण्याचं सांबारं, आणि मगच रंगांची पेटी उचल. लवकरची एस्टी धरून वेंगुर्ल्याच्या मासळीबाजारात जा. ताज्या बांगड्याच्या पाठीवरचा निळा-हिरवा बघता बघता विझतो. तिथेच कोपरा धरून बस, तो रंग फळीवर घे, मग तोच बांगडा घरमालकीणबाईंना दे आणि तिरफळ घालून तिखलं कसं करतात ते चुलीशी उभं राहून बघ. कोकमाचं आगळ, म्हणजे दाट रस, नारळाच्या दुधात पडतं तेव्हा गडद लालाचा गुलाबी होताना दिसतो. तो गुलाबी ट्यूबमधून येत नाही, पण एकदा नीट पाहिलास तर पॅलेटवर मिसळता येईल.

कार्तिकी पौर्णिमेनंतर तिथे गावोगावी जत्रा आणि दहीकाले असतात. दशावतारी नाटक रात्री उशिरा उभं राहतं ते पहाटेपर्यंत. तिथे ब्रश काढू नकोस. राजाचा मुकुट, संकासुराचा काळा वेश, पेटीवाल्याचा हात, सगळं डोळ्यांत भरून घे आणि दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर आठवेल तेवढंच रंगव. पिंगुळीला चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट, बघायला जाशीलच. आंबोलीला मात्र एखादीच फेरी पुरे. तिथल्या धुक्याची चित्रं आधीच फार झाली आहेत.

फळी एका बैठकीत संपव. ऊन सरकलं की थांब आणि खोलीवर आणून तिला नीटनेटकी करू नकोस. ऑगस्ट १८८९ मध्ये, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, मेलबर्नच्या टॉम रॉबर्ट्स, आर्थर स्ट्रीटन, चार्ल्स कॉन्डर वगैरे चित्रकारांनी नऊ बाय पाच इंचांच्या कामांचं प्रदर्शन भरवलं. त्यातली बरीच चित्रं सिगारच्या खोक्यांच्या झाकणांवर केलेली. पावणेदोनशेच्या वर चित्रं, आणि ‘मोठ्या चित्रांची ही तयारी’ असं न म्हणता त्यांनी ती सरळ भिंतीवर टांगली. एका समीक्षकानं वर्तमानपत्रात कडाडून झोडपलं, तर यांनी तोच लेख प्रदर्शनाच्या दाराशी चिकटवला. तुझी एखादी फळी पाहून कुणी ‘आता हे कॅनव्हासवर मोठं कर’ म्हणालं, तर त्या लोकांची आठवण ठेव.

ओल्या फळ्या आणताना दोन फळ्यांमध्ये कोपऱ्यांवर काडेपेटीच्या काडीचे तुकडे ठेव आणि दोऱ्यानं घट्ट बांध, तेलरंग एसटीतही पुसला जाणार नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत एकही विकू नकोस. सगळ्या जमिनीवर मांडून एकत्र बघायला मी मार्चमध्ये येते आहे. माझ्याकडचे शून्य आणि दोन नंबरचे ब्रश पोस्टानं पाठवते, खोलीचा पत्ता पिनकोडसकट कळव.

तुझी,
बाई