चारित्र्य म्हणजे कापड की पाय?

एका ताईंनी विचारलंय की मुलांसाठी मूल्यशिक्षणाचा धडा लिहिताना त्यांनी 'मुलांमध्ये चांगले चरित्र निर्माण झाले पाहिजे' असं वाक्य लिहिलं, तपासणाऱ्यांनी त्यातलं 'चरित्र' खोडून 'चारित्र्य' केलं, तर या दोन्हीत खरंच काही फरक आहे का. आणि दुसरं म्हणजे 'चारित्र्य' वाचलं की त्यांच्या डोक्यात आधी बायकांबद्दल केली जाणारी कुजबुजच येते, त्यामुळे मुलांच्या धड्यात तो शब्द नकोसा वाटतो, दुसरा कुठला आहे का.

ताई, पहिल्याचं उत्तर सोपंय. तपासणाऱ्यांनी केलं ते बरोबर आहे. मराठीत चरित्र म्हणजे कुणाच्या तरी आयुष्याची हकीकत, आत्मचरित्र, शिवचरित्र वगैरे. हिंदीत चरित्र म्हणजे माणसाचा स्वभाव-वर्तन पण आणि नाटक-सिनेमातलं पात्र पण, आणि हिंदी सतत कानावर असल्यामुळे तो अर्थ नकळत आपल्या लिखाणात शिरतो. मराठीत कॅरॅक्टरसाठी चारित्र्यच, आणि शेवटचा 'य' विसरायचा नाही.

दुसऱ्या भागावर मात्र मला जरा जास्त बोलायचंय, कारण तुमची तक्रार अगदी खरी आहे पण त्यासाठी शब्द टाकून द्यावा असं मला वाटत नाही.

मूळ धातू चर्, म्हणजे चालणं, फिरणं, हिंडणं. गुरं चरतात ते हेच, चराचरातलं चर हेच, ज्यावर डोकं ठेवतो ते चरणही यातलेच. चर् ला 'इत्र' प्रत्यय लागला की चरित्र. हा प्रत्यय साधनाच्या अर्थाने येतो, जसं खन् म्हणजे खणणं आणि खनित्र म्हणजे खणायचं हत्यार, तर त्या हिशोबाने चरित्र म्हणजे चालायचं साधन, म्हणजे चक्क पाय! आणि हा नुसता व्याकरणातला तर्क नाहीये, ऋग्वेदात हा अर्थ खरोखर आहे. पहिल्या मंडलाच्या ११६ व्या सूक्तात विश्पला नावाच्या बाईचा उल्लेख येतो, लढाईत तिचा पाय पक्ष्याचा पंख तुटावा तसा तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय बसवून दिला, आणि त्या तुटलेल्या पायाला तिथे शब्द आहे 'चरित्र'. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच एका ओळीवर थांबलो होतो. ज्या शब्दाच्या कुळातला शब्द आज बाईला घराबाहेर पाऊल टाकू नको म्हणून सांगायला वापरतात, त्याच्या अगदी जुन्या वापरात एक बाई पाय तुटूनही पुन्हा उभी राहते.

पायापासून चालणं, चालण्यापासून वागणं, आणि त्या वागण्याचा भाव म्हणजे चारित्र, चारित्र्य. जैन परंपरेत सम्यक (म्हणजे योग्य) दर्शन, सम्यक ज्ञान आणि सम्यक चारित्र अशी तीन रत्नं मानतात, तिथेही चारित्र म्हणजे जे कळलं ते प्रत्यक्ष वागण्यात आणणं.

आता याच कुळातले बाकीचे शब्द बघा. आचार, सदाचार, दुराचार, अत्याचार, भ्रष्टाचार. आणि विचार सुद्धा! वि + चर्, म्हणजे मनाने चहूकडे फिरून बघणं. आपण आचार आणि विचार दोन टोकांना ठेवतो, पण शब्द सख्खे भाऊ आहेत, एक पायाने फिरणं आणि एक मनाने फिरणं. व्यभिचार हाही त्यातलाच, मूळ अर्थ नुसता वाट सोडून जाणं, न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, तर एखादं कारण नेमून दिलेल्या जागेवरून भरकटलं की त्याला व्यभिचार म्हणतात, त्यात स्त्री-पुरुषांचा काही संबंधच नाही. पण रोजच्या बोलण्यात तो शब्दही आकसत आकसत एकाच गोष्टीवर येऊन बसला, आणि चारित्र्याचं तेच झालं. खोटी बिलं लावणाऱ्याच्या, हाताखालच्या माणसाला रोज पाण्यात पाहणाऱ्याच्या, दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल कुणी बोलत नाही, चारित्र्य म्हटलं की कोण कुणाबरोबर दिसलं एवढंच. हे मला मनापासून खटकतं. अर्थ असा आकसला की ज्या बाकीच्या शंभर गोष्टींत माणूस रोज बरं-वाईट ठरवतो त्यांना नावच उरत नाही.

इंग्रजी कॅरॅक्टरचं मूळ वेगळं आहे, ग्रीक शब्द, अर्थ कोरलेली किंवा ठोकलेली खूण, नाण्यावरचा छाप असतो तसा. म्हणजे तिथे चित्र छापाचं, एकदा उमटला की उमटला. आपल्याकडचं मूळ चित्र चालण्याचं, दर पावलाला नवीन. पण आपण बोलताना तेही वापरत नाही, आपण तिसरंच वापरतो, कापडाचं. चारित्र्याला डाग लागला, चारित्र्यावर शिंतोडे उडवले, निष्कलंक चारित्र्य, धुतल्या तांदळासारखा माणूस. सगळं पांढरं, स्वच्छ, आणि एकदा डाग पडला की संपलं.

यातलं कुठलं चित्र मनात आहे यावर माणूस निर्णय कसा घेतो हे बरंच अवलंबून असतं असं माझं ठाम मत आहे, आणि ते मला माझ्याच एका चुकीतून कळलं. मी मुद्रितशोधनाची कामं घेतो, एकदा एकाच बिलाचे पैसे माझ्या खात्यात दोनदा आले. पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला. म्हटलं, त्यांच्या लक्षात येईल तेव्हा देऊ. दोन दिवस तसेच गेले, मन खात होतं पण मेल केला नाही. तिसऱ्या दिवशी लिहायला बसलो आणि पहिलंच वाक्य टाइप केलं, 'आत्ताच लक्षात आलं की'. तिथे हात थांबला. पैसे तर मी परत करतच होतो, मग हे 'आत्ताच' कशासाठी? कापड पांढरं दिसावं म्हणून. एक चूक झाकायला दुसरी करत होतो, आणि दुसरी पहिलीपेक्षा वाईट होती, कारण पहिली आळस आणि थोडा मोह होता, दुसरी सरळ सरळ खोटं होतं. शेवटी ते खोडून लिहिलं, 'परवाच लक्षात आलं होतं, कळवायला उशीर केला, माफ करा.' चुकीच्या वाटेला दोन पावलं गेलो होतो आणि परत फिरलो, एवढंच झालं, पण कापड मनात धरलं की माणूस डाग लपवत बसतो, चालणं मनात धरलं तर परत फिरायला जागा राहते.

'जनाची नाही तर मनाची' हे आपण दुसऱ्याला ओरडताना वापरतो पण त्यातली विभागणी फार नेमकी आहे, डाग दिसतो तो जनाला, टोचतं ते मनाला.

याला लागूनच एक, कारण धड्यात हा शब्दही येणारच. सदसद्विवेकबुद्धी. बरेच जण 'सद्सद्' लिहितात ते चूक, सत् + असत् म्हणून सदसत्. आणि काही जण सोपं करायला नुसतं 'सद्विवेकबुद्धी' करतात, तेव्हा असत् गायबच होतं! ते व्हायला नको, कारण विवेक मध्ये विच् धातू आहे, वेगळं करणं. यजुर्वेदात यज्ञाचं धान्य पाखडतानाचा मंत्र आहे, त्यात वारा तुम्हाला वेगवेगळं करो असं दाण्यांना म्हटलंय आणि तिथे हाच धातू आहे. सूप हातात घेऊन पाखडायचं तर त्यात दाणेही हवेत आणि फोलपटंही. कठीण निर्णयात नेमकं हेच असतं ना, एकाच गोष्टीत बरं आणि वाईट मिसळलेलं असतं, मित्राची बाजू घेणं चांगलं पण मित्र चुकलाय. मुलांना 'चांगलं निवडा' एवढंच सांगितलं तर त्यांच्या हातात सूप येत नाही.

पर्यायी शब्दांचं म्हणाल तर शील आहे, आणि त्याचा मूळ भाव सवयीचा आहे, सहनशील, विचारशील मधला, म्हणजे तसं असणं ज्याच्या स्वभावातच आहे तो. पण एकटा वापरला की शीलालाही तेच ओझं चिकटलेलं आहे, त्यामुळे फायदा नाही. नीतिमत्ता चालेल (या शब्दात 'ति' ऱ्हस्व, एकटं असताना नीती दीर्घ), पण मुलांना जड जाईल.

मला विचाराल तर मुलांसाठी सगळ्यात जवळचा शब्द 'वळण'. रस्त्याचं वळण, अक्षराचं वळण, आणि मुलाला लागलेलं वळण, तिन्हीला एकच शब्द. अक्षराला वळण कसं येतं हे मुलांना स्वतःच्या बोटांनी माहीत असतं, तेच अक्षर परत परत काढून. आणि त्यातूनच 'अंगवळणी पडणं'. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने इसवी सनपूर्व चौथ्या शतकात सांगून ठेवलंय की एथिक्स, म्हणजे नीती, यामागचा ग्रीक शब्दच सवय या अर्थाच्या शब्दात जरासा फरक होऊन आलेला आहे, त्याला मराठीत याहून चांगलं काय म्हणणार!

तर तुमचं वाक्य मी असं करेन: 'खरं बोलणं आणि चूक झाली तर कबूल करणं मुलांच्या अंगवळणी पडलं पाहिजे.' 'निर्माण झाले पाहिजे' काढून टाका, ते सरकारी पत्रातलं वाटतं. आणि धड्यात पुढे कुठेतरी 'चारित्र्य' राहू द्या, मुलगा आणि मुलगी दोघांच्याही उदाहरणात, आणि उदाहरण परत केलेल्या पैशांचं किंवा कबूल केलेल्या चुकीचं घ्या, म्हणजे ज्या मुलांनी तो शब्द अजून कुजबुजीत ऐकलेला नाही त्यांना तो आधी इथे भेटेल.