‘ह्यांचा राग येतो, मी वाईट आहे का?’

“मॅडम, काल मी ह्यांच्यावर ओरडले. माझ्यासारखी वाईट बाई नसेल.” खुर्चीत नीट बसायच्या आधीच ताई बोलून गेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

पती माजी सैनिक. स्फोटात एक पाय गुडघ्याखाली गेला, डोक्यालाही मार बसला. पायाचं निभावलं, कृत्रिम पायावर ते चालू लागले. डोक्याचं मात्र अवघड. तोच प्रश्न दहादा, एवढ्यातेवढ्यावरून भडका, रात्री जरा खुट्ट झालं की ताडकन उठणं. ताईही जाग्या. मुलं घरात चोरपावलांनी वावरायची.

येणारे-जाणारे म्हणत, “जिवंत परत आले, नशीब समजा.” बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, पण ऐकणारीला पुढे तोंडच उघडता येत नाही.

मी विचारलं, “तुम्हाला कुणाची आठवण येते?”

बराच वेळ गप्प. मग हळूच, “ह्यांचीच.”

व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास १९७० च्या दशकात पॉलीन बॉस या अमेरिकन मानसतज्ज्ञ संशोधिकेनं केला. ‘अँबिग्युअस लॉस’, म्हणजे धड गेलंही नाही आणि धड उरलंही नाही असं गमावणं, हा शब्द त्यांचा. माणूस दिसत नाही पण मनातून जात नाही, हा त्याचा एक प्रकार. माणूस समोर बसलाय पण ओळखीचा राहिला नाही, हा दुसरा. दुसऱ्यात सुतक नाही, सांत्वनाला कुणी येत नाही. मग ते दुःख चिडचिडीतून बाहेर पडतं.

मी त्यांना झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली दिली. काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे, हे तिच्यातून कळतं. आपल्या माणसाच्या सहवासात राग येतो का, असा एक प्रश्न तिच्यात आहे. त्यावर ताईंचं बोट थांबलं. “हे छापलेलं आहे? म्हणजे इतरांनाही येतो?”

येतो. फार जणांना येतो.

पुढचं काम साधंच होतं. मेंदूच्या इजेनं स्वतःला आवरणं कठीण जातं, म्हणून भडका उडाला की वाद न घालता खोलीबाहेर पडायचं, बोलायचं ते नंतर. (हात उगारला किंवा धमकी दिली, तर मात्र आधी स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता. तिथे समजून घेणं वगैरे नंतर.) ह्यांच्या तपासणीत झोपेबद्दल आणि भडक्याबद्दल डॉक्टरांना सांगायचं. आणि “काही लागलं तर सांगा” म्हणणाऱ्या दिरांना वार ठरवून द्यायचा. ते सगळ्यात जड गेलं.

बुधवारची संध्याकाळ दिरांनी घेतली. पहिल्या बुधवारी ताई बहिणीकडे गेल्या आणि चहा व्हायच्या आत झोपून गेल्या.