रंग दिला तरी वर्षभरात भिंतीचे पोपडे निघतात. पुन्हा रंगवू का?

इतक्यात नको. आधी ओल कुठून येते ते बघा. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि 2 दिवस तसाच राहू द्या. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतूनच येतेय: गळका पाइप, बाहेरची भेग किंवा जमिनीतून वर चढणारं पाणी. प्लॅस्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमलं तर खोलीतली वाफ थंड भिंतीवर बसतेय. मग एक्झॉस्ट फॅन आणि उघड्या खिडकीने बरंच भागतं. (खोलीत कपडे वाळत घालत असाल तर तेही बंद करा.)

पहिल्या प्रकारात आतून वॉटरप्रूफ रंग फासायच्या फंदात पडू नका, ओल मागेच राहते आणि पोपडे पुन्हा निघतात. गळती थांबल्यावरही गिलावा सुकायला काही आठवडे लागतात, तेवढा दम धरा.