धूर दिसायच्या आधी

पोरी,

तुझ्या पटकथेचा ड्राफ्ट काल रात्री दोनदा वाचला. मेहनत दिसतेय, पण पहिल्याच सीनला तू बिर्केनाऊची, म्हणजे नाझींच्या मृत्युछावणीची, चिमणी आणि प्रेतं जाळल्याचा धूर दाखवलास तिथेच मन खट्टू झालं गं. हंगेरियन लेखक केर्तेसच्या 'फेटलेस' कादंबरीतल्या ग्युर्का या ज्यू पोराला तो धूर कसला हे माहितीच नाहीये! कादंबरी सुरू होते ती आज शाळेत गेलो नाही, बाबांना सक्तमजुरीला पाठवतायत, इथून. मग १९४४ च्या उन्हाळ्यात बुडापेस्टला पोलीस त्याला बसमधून उतरवतो, बाकीची पोरंही तशीच उतरवलेली, सगळी मिळून खेळत टाइमपास करतात. बिर्केनाऊला पोचल्यावरसुद्धा चिमणी बघून त्यांना आधी चामड्याचा कारखानाच वाटतो. प्रेक्षकाला पुढचं सगळं ठाऊक असतं म्हणून तर त्या पोराचं न कळणं बघवत नाही, आणि तू ते आधीच सांगून टाकलंस.

दुसरं म्हणजे व्हॉइसओव्हर. ग्युर्का सारखा 'साहजिकच' म्हणतो ती वाक्यं तू उचलून वर टाकलीस आणि खाली व्हायोलिन लिहिलंस. याच कादंबरीवरच्या २००५ च्या सिनेमाची पटकथा केर्तेसनं स्वतः लिहिली, डायरेक्टर लायोश कोल्ताई मूळचा कॅमेरामन, छावणीत गेल्यावर हळूहळू रंग उडत जातात ते मला फार आवडलं, पण मोरिकोनेचं म्युझिक सुरू झालं की मला वाटतं कोणीतरी आता रड म्हणतंय, आणि पुस्तक तसं एकदाही म्हणत नाही. ते 'साहजिकच' वागण्यात आण. शेजारचा मुलगा मेलाय हे तो लपवतो आणि त्याच्या वाटणीचं जेवणही घेत राहतो. हे नुसतं दाखव, क्लोजअप नको, अश्रू तर नकोच. 'कापो' या छावणीवरच्या सिनेमामध्ये विजेच्या तारेवर मेलेल्या बाईकडे कॅमेरा फ्रेम सुंदर करायला सरकतो म्हणून फ्रेंच समीक्षक रिव्हेतनं १९६१ मध्ये किती चिडून लिहिलं होतं, ते मिळवून वाचच.

आता रांग. शेवटी घरी आल्यावर ग्युर्का म्हाताऱ्या शेजाऱ्यांना हिशोब करून सांगतो की बिर्केनाऊच्या रांगेत, कोणाला लगेच मारायचं आणि कोणाला कामाला ठेवायचं हे ठरवणाऱ्या डॉक्टरपर्यंत पोचायला दहा-वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ प्रत्येकजण एकेक पाऊल टाकत पुढे जात असतो, आपणहून. माझ्या मते अख्खी कादंबरी या हिशोबावर उभी आहे आणि तू ती रांग तीन कटमध्ये संपवलीस. अगं लांबव ती! कंटाळा येऊ दे, पुढच्याची मान, बूट, कोणीतरी वय वाढवून सांगायचं पाठ करतोय, आणि परत एक पाऊल.

सुपाचा वास येतो आणि मरायला टेकलेल्या ग्युर्काला 'या सुंदर छावणीत' अजून थोडं जगावंसं वाटतं, तो सीन तू गाळलास. लोकांना आवडणार नाही अशी भीती वाटली असेल, समजतं मला, पण तो परत घे.

रविवारपर्यंत फक्त रांगेचा सीन लिहून पाठव, डायलॉग अगदी कमी ठेव. घरी परतताना त्याला ट्राममध्ये भेटतो त्या पत्रकाराचं नंतर बघू.