‘चालेल’ म्हणू नकोस

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. सोनोग्राफीचं टेबल छातीएवढं उंच. दोन वॉर्डबॉय आले, एकाने काखेत हात घातला, दुसऱ्याने गुडघ्याखाली, आणि तू म्हणालीस, “चालेल.” आता विचारतेस, तक्रार करू की सोडून देऊ? माणसं तर चांगलीच होती.

असतील चांगली. तक्रार टेबलाची करायची आहे.

हा ‘चालेल’ मी आयुष्यभर म्हणत आले. पस्तिशीत पहिल्यांदा बायकांच्या तपासणीला गेले, तेव्हा टेबलाला तीन पायऱ्यांचं लोखंडी स्टूल लावलेलं. पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, घालून त्यावर कशी चढणार? परक्या पुरुषांनी उचललं. साडी गुडघ्याच्या वर गेली आणि ती सावरायला माझे हात मोकळे नव्हते. ‘चालेल’ म्हणाले, घरी आले, आणि अकरा वर्षं त्या दाराकडे फिरकले नाही. गाठ कळली तेव्हा पिशवीच काढावी लागली.

तेव्हा गप्प का बसलीस, असं लोक विचारतात. नोकरी होती, मुलं लहान होती. दवाखान्याला दुखावलं तर पुढच्या वेळी दारात कोण उभं करेल, ही भीतीही होती, आणि ती खोटी नव्हती. पण दोन ओळी लेखी द्यायला रजा लागत नव्हती, हेही खरं.

अपंगांच्या हक्कांसाठी लढलेले जावेद आबिदी तुला परीक्षेतल्या टिपेपुरते माहीत असतील. जन्मापासून स्पायना बिफिडा, म्हणजे पाठीच्या कण्यातला दोष, पंधराव्या वर्षापासून चाकाची खुर्ची. १९ डिसेंबर १९९५ला त्यांनी संसदेवर मोर्चा नेला आणि त्याच आठवड्यात अपंगांसाठीचा कायदा मंजूर झाला. त्यात दवाखान्यांना, प्राथमिक आरोग्य केंद्रांना रॅम्प करण्याची गोष्ट होती, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’. या शेपटाला धरून किती दवाखान्यांनी वर्षानुवर्षं निभावून नेलं, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आबिदी थांबले नाहीत. विमानात चढवायला अरुंद खुर्ची आणि ॲम्बुलिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत उचलणारी गाडी, हवी म्हणून ते सुप्रीम कोर्टात गेले. १९९८ला निकाल मिळवला. उचलून नेतोय ना, मग झालं, हे त्यांनी चालवून घेतलं नाही. पुढे दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यासाठीही ते झटले. त्याचं कलम २५ काढून वाच: सरकारी आणि खासगी, दोन्ही दवाखान्यांच्या सर्व भागांत अडथळ्याविना प्रवेश, तपासणीत आणि उपचारांत प्राधान्य. सर्व भागांत म्हणजे सोनोग्राफीच्या खोलीतही. ४ मार्च २०१८ला ते गेले, अवघ्या बावन्नाव्या वर्षी. आता ते कलम वापरायचं कुणी?

वकील लागेल का, एवढ्यात विचारू नकोस! कागद लागतो. वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज लिही. ‘टेबल फार उंच आहे’ असं मोघम नको, सेंटिमीटर लिही. खाली-वर होणारं टेबल माग, मेहेरबानी मागू नकोस. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घे. “पुढच्या वेळी बघू” म्हणाले, तर तिथे ‘चालेल’ म्हणू नकोस. ती पोच जोडून पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे पाठव.

शनिवारी येशील तेव्हा माझ्या शिवणयंत्राच्या खणातला टेप घेऊन जा. सोमवारी मोजून ये, अर्ज मी तपासून देते.

तुझी,
मावशी