वळताना येणारा आवाज: आधी ऐक, मग खर्च कर

यवतेश्वरच्या घाटात वळणावर गाडी वाजते म्हणालास, म्हणून लगेच शॉकअप बदलायला जाऊ नकोस. आवाज कसा आहे, ते आधी ओळख.

मोकळ्या मैदानात स्टेअरिंग फुल कट मारून गाडी हळूहळू गोल फिरव, थोडा रेस दे. एका लयीत 'टक-टक-टक' आलं आणि वेगाबरोबर वाढलं, तर संशय ॲक्सलच्या बाहेरच्या जॉइंटवर. चाकामागचा रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, बघ. तो फाटला की ग्रीस उडून जातं, आत धूळ-पाणी शिरतं आणि जॉइंट खलास होतो. दर पावसाळ्याआधी बूट तपासायची सवयच लाव. फाटका बूट वेळेत बदलला तर जॉइंट बहुतेक वेळा वाचतो.

गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवल्यावर 'कट्ट' होतं का? मग मित्राला स्टेअरिंग फिरवायला सांग आणि शॉकअपच्या स्प्रिंगला हात लावून बघ. झटका जाणवला तर वरचं माउंट (शॉकअप वर जिथे बॉडीला बसतो ते) किंवा त्याचं बेअरिंग गेलंय. ते बदलल्यावर चाकांची अलाइनमेंट करूनच घे.

स्पीडब्रेकरवरही खडखडाट असेल तर लिंक रॉड (शॉकअपजवळची बारीक दांडी), लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश बघ. लोअर आर्म चाकाला जोडणाऱ्या बॉल जॉइंटमध्ये मात्र ढिलेपणा सापडला तर गाडी घाटात नेऊच नकोस रे. तो निसटला की चाक आडवं होतं.

जॅकवर गाडी चढवलीस तर स्टँड लावल्याशिवाय खाली डोकं घालायचं नाही.