विजेच्या कामातली नोकरी आणि हृदयाची भीती

प्रश्न : माझ्या मुलाने विद्युत शाखेची पदविका घेतली आहे. एका वीज कंपनीत त्याची निवड झाली असून काम उपकेंद्रात आणि लाइनवर असेल. तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज कामगारांना हृदयविकार होतो, असं वाचनात आलं. त्याच्या वडिलांना 46व्या वर्षी झटका येऊन गेला आहे. त्याने ही नोकरी नाकारावी असं मला वाटतं, पण तो ऐकत नाही. काय करू? – एक आई

ताई,

घरात एकदा असा प्रसंग होऊन गेला की पुढे कुठेही हृदयविकाराचा उल्लेख आला तरी पोटात गोळा येतो. तरीही चुंबकीय क्षेत्राच्या कारणावरून ही नोकरी सोड, असं मी तुमच्या मुलाला सांगणार नाही.

तुम्ही वाचलंत त्याला आधार आहे. 1999 मध्ये अमेरिकेतल्या पाच वीज कंपन्यांमधल्या सुमारे 1,39,000 पुरुष कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. जास्त चुंबकीय क्षेत्राच्या कामात ज्यांची जास्त वर्षं गेली, त्यांच्यात ठोके बिघडून किंवा अचानक झटका येऊन झालेले मृत्यू अधिक आढळले. रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होऊन जडणाऱ्या जुनाट हृदयविकाराशी मात्र संबंध दिसला नाही. हा सगळा हिशेब मृत्यूच्या दाखल्यांवरून मांडलेला होता, आणि दाखल्यावरचं कारण नेहमीच अचूक असतं असं नाही. म्हणून इतरांनीही तपासून पाहिलं. 2002 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका वीज कंपनीच्या कामगारांवरचा अभ्यास आला, त्यात असा धोका आढळला नाही. पुढे 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तोवरचं सगळं संशोधन एकत्र पाहिलं आणि उपलब्ध पुरावा या संबंधाला दुजोरा देत नाही, असा निष्कर्ष काढला.

चुंबकीय क्षेत्र तारेतल्या प्रवाहामुळे तयार होतं आणि अंतर वाढलं की झपाट्याने कमी होतं. कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 50 हर्ट्झला, म्हणजे आपल्याकडच्या विजेच्या वारंवारतेला, 1000 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आहे. बहुतेक कामांत दिवसभराची सरासरी त्याच्या जवळपासही जात नाही. पेसमेकर बसवलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. उपकेंद्रातल्या क्षेत्राने यंत्र गोंधळू शकतं, म्हणून त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिथे काम करू नये. तुमच्या मुलाला हे लागू नाही.

हृदयाला खरा धोका आहे तो शरीरातून जाणाऱ्या प्रवाहाचा, आणि तुमची सगळी काळजी मला तिकडे वळवायची आहे. हातातून पायाकडे 50 ते 100 मिलिअँपिअर इतका थोडा प्रवाह सेकंदभर गेला, तरी हृदय नीट आकुंचन पावायचं सोडून नुसतं थरथरायला लागू शकतं. मग मिनिटांचा खेळ असतो. म्हणून जाणते लाइनमन नुसत्या ‘लाइन बंद आहे’ या शब्दावर हात लावत नाहीत. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, हातात घ्यायचं, आयसोलेटर, म्हणजे लाइन पुरवठ्यापासून तोडणारा स्विच, उघडलेला डोळ्यांनी बघायचा, त्याला कुलूप आणि पाटी लावायची, तार टेस्टरने तपासायची आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करूनच, म्हणजे तार जमिनीला जोडूनच, चढायचं. दोन्ही बाजूंना, कारण कुणाच्या तरी जनरेटरचा पुरवठा उलटा लाइनवर येऊ शकतो. घाईच्या वेळी नेमकी यातलीच एखादी पायरी गाळली जाते. मुलाने रुजू होण्याआधी तिथल्या जुन्या कामगारांना गाठून विचारावं : पावसापाण्यात, वरून फोन येत असतानाही इथे अर्थिंग होतं का? हातमोजे तपासलेले मिळतात का? कुणाला शॉक बसला तर छातीवर दाब देणं किती जणांना येतं? उत्तरं टाळाटाळीची आली, तर ही कंपनी नाकारायला तुमच्या चुंबकीय क्षेत्रापेक्षा कितीतरी मोठं कारण मिळालं असं समजा.

दुसरी गोष्ट रात्रपाळीची. 2012 मध्ये 34 अभ्यासांतल्या 20 लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली, तेव्हा पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण साधारण 23 टक्क्यांनी जास्त दिसलं. उपकेंद्रातल्या नोकरीत पाळ्या असतातच.

आणि वडिलांना पंचावन्नच्या आत झटका आला असेल, तर मुलाने स्वतःला जास्त जोखमीचं मानूनच चालावं. तो कॉम्प्युटरसमोर बसला तरी हे बदलत नाही. आत्ताच रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या, डॉक्टरांना वडिलांचा इतिहास सांगा, पुढची तपासणी कधी करायची ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. पाळीवरच्या मित्रांच्या नादाने तंबाखू-सिगारेट सुरू होऊ देऊ नका. शॉक बसला आणि ‘काही झालं नाही’ असं वाटलं, तरी डॉक्टरांना दाखवायचंच. भोवळ आली, छातीत धडधडलं किंवा उच्च दाबाच्या लाइनचा झटका असेल, तर लगेच ईसीजी, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या.

‘नोकरी सोड’ म्हणालात तर तो ऐकणार नाही. पण परमिट, अर्थिंग आणि तपासणी यांबद्दल विचाराल, तर तो तुमच्याशी बोलेल. या गोष्टी त्याच्या अभ्यासक्रमातल्याच आहेत.